वकील आहात, घरंही विकत घेता. मग ब्रोकरचं लायसन्स घ्यावं का?

प्रश्न विचारणाऱ्यांची परिस्थिती थोडक्यात अशी. न्यूयॉर्क राज्यात बारा वर्षं वकिली, त्यातलं निम्मं काम घरांच्या खरेदी-विक्रीचं. क्वीन्स आणि लाँग आयलंड मिळून भाड्याने दिलेली चार घरं, आणखी घ्यायचा विचार. रिअल इस्टेट ब्रोकरचं लायसन्स घेतलं तर स्वतःच्या खरेदीतलं कमिशन वाचेल, एमएलएस (विक्रीला असलेल्या घरांची ब्रोकरांची सामायिक यादी) हाताशी येईल, अशिलांची घरं विकून देता येतील आणि टॅक्समध्ये फायदा होईल, असा त्यांचा हिशेब आहे. घ्यावं का?

मी याच राज्यात वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करतो. ब्रोकरचं लायसन्स माझ्याकडे बरीच वर्षं आहे आणि माझीही भाड्याची घरं आहेत. माझं उत्तर असं: घ्या, पण तुमच्या चार कारणांपैकी एकच पक्कं आहे, एक अर्धवट आहे, एक तुमच्या वकिलीलाच धोका आहे, आणि टॅक्सचं कारण तुम्ही मांडलंय तसं टिकत नाही. पक्क्या कारणावर फार बोलणार नाही. उरलेल्या तिघांवर बोलणं गरजेचं आहे.

आधी लायसन्स मिळतं कसं ते पाहू, कारण न्यूयॉर्कमध्ये हा भाग सगळ्यात सोपा आहे. इथल्या रिअल प्रॉपर्टी लॉचं कलम ४४२-एफ वकिलांना ब्रोकर-कायद्यातून सूट देतं. म्हणजे न्यूयॉर्कच्या बारमध्ये (वकिलांच्या नोंदणीत) असलेल्या वकिलाला ब्रोकरचं काम करायला मुळात लायसन्सच लागत नाही. मात्र हाताखाली सेल्सपर्सन (ब्रोकरच्या देखरेखीखाली काम करणारे एजंट) नेमायचे असतील तर ते घ्यावं लागतं, आणि एमएलएसचं सभासदत्व, इतर ब्रोकरांशी रोजचा व्यवहार यासाठीही प्रत्यक्षात ते हवंच. इतरांना आधी ७७ तासांचा कोर्स, परीक्षा, मग काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सेल्सपर्सन म्हणून उमेदवारी, मग आणखी ७५ तास, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. वकिलाला यातलं काहीच नाही. बारमध्ये असल्याचा पुरावा जोडून डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे थेट ब्रोकरचाच अर्ज करता येतो. दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं, पण इतरांना लागणारे साडेबावीस तासांचे वर्गही ब्रोकर-वकिलाला माफ आहेत.

म्हणूनच सेल्सपर्सनच्या वाटेला जाऊ नका. अनेक वकील एखाद्या मोठ्या ब्रोकरेजखाली 'लायसन्स टांगून' ठेवतात, कारण तिथे सॉफ्टवेअर, बोर्ड, नाव सगळं तयार मिळतं. पण सेल्सपर्सनचं कमिशन त्याच्या ब्रोकरच्या हातूनच येतं आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणं हे त्या ब्रोकरचं कायदेशीर कर्तव्य असतं. म्हणजे तुमच्या फायली पाहण्याचा त्याला हक्क आहे. वकिलाने अशिलाची गुपितं जपायची आणि त्याच वेळी एका बिगर-वकिलाच्या देखरेखीखाली बसायचं, हे जमत नाही. स्वतः ब्रोकर व्हा, वेगळी कंपनी काढा.

आणि ही सूट राज्याच्या सीमेवर संपते, हे लक्षात असू द्या. तुम्ही उद्या फ्लोरिडात किंवा कॅलिफोर्नियात घरं घ्यायचं म्हणालात तर तिथले नियम वेगळे. फ्लोरिडा आपल्या बारमधल्या वकिलांना ६३ तासांचा कोर्स माफ करतं, पण परीक्षा सोडत नाही. कॅलिफोर्नियात वकिलाला सूट आहे ती वकील म्हणून काम करताना ओघाने जे येईल तेवढ्यापुरती. कमिशन कमवायला बसलात की लायसन्स हवं. टेक्सासचा कायदा आपल्या वकिलांना अधिक मोकळीक देतो. न्यू जर्सी तर नदीपलीकडेच आहे, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच वकिलाने ब्रोकरच्या कमिशनमध्ये वाटा घेण्यावर कडक भूमिका घेतली आहे. 'मी वकील आहे, मला चालतं' हे वाक्य न्यूयॉर्कबाहेर उच्चारण्याआधी त्या राज्याचं कलम उघडून वाचा. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी घर विकत घ्यायला मात्र कुठेच लायसन्स लागत नाही. प्रश्न येतो तो दुसऱ्यासाठी काम करून मोबदला घेताना. करार करून घर न घेताच तो करार तिसऱ्याला विकणाऱ्यांनाही आता काही राज्यांत लायसन्सची अट आहे. इलिनॉयमध्ये १२ महिन्यांत असे एकाहून अधिक व्यवहार केले तर ते लागतं.

आता तुमच्या तिसऱ्या कारणाकडे येतो, अशिलांची घरं विकून देण्याच्या. माझ्या मते सगळं उत्तर इथे आहे.

न्यूयॉर्क राज्य बार असोसिएशनच्या नीतिसमितीचं मत १९७१ पासून ठाम आहे: एकाच व्यवहारात एकच माणूस वकीलही आणि कमिशन घेणारा ब्रोकरही होऊ शकत नाही. अशिलाने लेखी संमती दिली तरी नाही. कारण साधं आहे. ब्रोकरला पैसे मिळतात ते व्यवहार पूर्ण झाला तरच. वकिलाचं काम आहे, गरज पडली तर 'हा व्यवहार सोडून द्या' असं सांगणं. कमिशनकडे डोळे लागलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघणं अवघड असतं, आणि ते निघालं तरी अशिलाला कधीच खात्री वाटणार नाही की त्याला ते वेळेवर सांगितलं गेलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लायसन्स मिळाल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी एका ओळखीच्या कुटुंबासाठी मी ब्रोकर म्हणून घर शोधलं. करारासाठी त्यांनी दुसरा वकील लावला होता, पण रोज फोन मलाच करायचे. 'तुम्ही पण वकीलच आहात ना, जरा कराराकडे बघा.' मी बघत गेलो. इन्स्पेक्शनमध्ये अंगणाखाली पुरलेली जुनी तेलाची टाकी निघाली. लाँग आयलंडवर जुन्या घरांत हे नवीन नाही. टाकी गळकी असेल तर माती उपसण्यापर्यंत खर्च जातो, आणि तो किती होईल हे खोदल्याशिवाय कळत नाही. त्या संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, 'काका, घ्यावं की सोडावं?' आणि उत्तर द्यायच्या आधी माझ्या मनात माझ्या कमिशनचा आकडा आला. एक क्षणभरच, पण आला. मी त्यांना त्यांच्या वकिलाकडे पाठवलं, विक्रेत्याने टाकी काढून देण्याचं मान्य केलं आणि घर झालं. पण तो क्षण मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे, एका व्यवहारात एकच खुर्ची. ब्रोकर असेन तर कराराचं एकही कलम समजावून सांगणार नाही. वकील असेन तर एक डॉलरही कमिशन घेणार नाही.

डाउनस्टेट, म्हणजे न्यूयॉर्क शहर आणि आसपासच्या भागात, हा नियम अधिकच कडक पाळायला हवा, कारण इथे खरेदीदार आणि विक्रेता दोघांचेही वकील असतात. करार वकीलच लिहितात आणि डाउन पेमेंट बहुतेक वेळा विक्रेत्याच्या वकिलाच्या एस्क्रो खात्यात (दुसऱ्याचे पैसे सांभाळायच्या वेगळ्या खात्यात) राहतं. जिथे वकिलाचं काम इतकं मध्यवर्ती आहे, तिथे वकील-ब्रोकर दिसला की लोक त्याला वकीलच समजतात. तुम्ही कितीही सांगा की आज मी ब्रोकर म्हणून आलोय, अशिलाच्या डोक्यात तुम्ही 'आमचे वकीलसाहेब' असता. पुढे बिनसलं तर शिस्तपालन समितीही तुम्हाला वकिलाच्याच मापाने मोजेल.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, गुप्ततेची. वकील-अशील संवादाला कायद्याचं संरक्षण असतं, ब्रोकर-ग्राहक संवादाला नसतं. कोणत्या ईमेलमध्ये तुम्ही कोण होतात हे पाच वर्षांनी कोर्टात ठरवायची वेळ येऊ देऊ नका. वेगळा ईमेल पत्ता, वेगळं लेटरहेड, वेगळी फाइल ठेवा. पहिल्या भेटीतच एक पत्र हाती द्या: 'या व्यवहारात मी तुमचा वकील नाही, कायद्याचा सल्ला देणार नाही, कृपया दुसरा वकील नेमा.' त्यावर सही घ्या. आणि तुमच्या वकिलीच्या अशिलाने तुमच्या ब्रोकरेजचा रस्ता धरला, तर तो अशिलाशी केलेला धंद्याचा व्यवहार ठरतो. अटी न्याय्य हव्यात, लेखी हव्यात, दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्यायची संधी द्यायला हवी.

दुसरी गोष्ट विम्याची. तुमची वकिलीची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकांचा विमा) समोर घ्या आणि वगळलेल्या कामांचं पान वाचा. ब्रोकरचं काम बहुधा तिथेच सापडेल. ब्रोकरेजसाठी वेगळी पॉलिसी लागते. खातीही वेगळी हवीत. अशिलांचे पैसे वकिलीच्या एस्क्रोमध्ये, ब्रोकरेजचे ब्रोकरेजच्या खात्यात. एका चुकीच्या चेकमुळे दोन्ही लायसन्सं एकदम अडचणीत येतात.

मग अशिलाचं घर विकायचं असेल तर काय करावं? मी सरळ चांगल्या ब्रोकरकडे पाठवतो आणि वकील म्हणून काम करतो. त्या ब्रोकरकडून काहीही घेत नाही. १९७४ चा रेस्पा हा केंद्रीय कायदा घरकर्ज असलेल्या व्यवहारांत नुसतं गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैसे घेण्याला गुन्हा मानतो. १०,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दोन ब्रोकरांमधल्या रेफरल फीला त्यात सूट आहे, पण ती ब्रोकर म्हणून वागणाऱ्या ब्रोकरांना. त्याच व्यवहारात वकिलीची फी घेणाऱ्याने त्या सुटीच्या आडोशाला उभं राहू नये.

आता अर्धवट कारण, स्वतःच्या खरेदीतलं कमिशन. इथे निदान हितसंबंधांचा गोंधळ नाही, तुम्ही स्वतःचेच प्रतिनिधी आहात. पण गणित मांडून बघा. समजा ७ लाख डॉलरचं घर आहे आणि खरेदीदाराच्या ब्रोकरला २ टक्के मिळणार आहेत. ते झाले १४,००० डॉलर. तुम्ही स्वतः ब्रोकर असल्याने ते वाचले असं वाटतं. पण २०२४ मध्ये एका खटल्यात झालेल्या तडजोडीनंतर हे चित्र बदललं आहे. मिसूरीतल्या ज्यूरीने ऑक्टोबर २०२३ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स (ब्रोकर-एजंटांची संघटना) आणि काही मोठ्या ब्रोकरेजविरुद्ध जवळपास १.८ अब्ज डॉलरचा निकाल दिला. त्यानंतर संघटनेने ४१.८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या ब्रोकरला किती देणार हे तिच्या एमएलएसवर जाहीर करणं बंद झालं. खरेदीदार आपल्या ब्रोकरशी घर बघण्याआधीच लेखी करार करतो आणि मोबदला बोलणीतून ठरतो. म्हणजे आज लायसन्स नसतानाही तुम्ही म्हणू शकता, 'माझ्या बाजूला ब्रोकर नाही, तेवढी किंमत कमी करा.' वकिलाला हे वाक्य बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय भाड्यासाठी घेणाऱ्यांचे चांगले सौदे बरेचदा लिलावात किंवा थेट मालकाकडून होतात. तिथे वाचवायला कमिशनच नसतं.

आणि थेट मालकाकडे जाताना लायसन्सचं ओझंही सोबत असतं. ब्रोकर स्वतःसाठी घेतो आहे हे समोरच्याला स्वच्छ सांगावं लागतं. तुमच्याकडे विक्रीला दिलेलं घर तुम्हालाच घ्यायचं असेल, तर राज्याचे नियम तुमची खरी भूमिका आधी मालकाला कळवायला लावतात. रिअल्टर संघटनेची आचारसंहिताही तेच सांगते. मी पहिल्या पत्रातच लिहितो, 'मी परवानाधारक ब्रोकर आणि वकील आहे, हे घर मी स्वतःसाठी घेऊ इच्छितो.' यामुळे काही मालक दचकतात, जास्त किंमत मागतात. तो या लायसन्सचा खर्च समजा. मालकाला वकील नसेल तर अधिक जपून. तुमचं हित त्याच्या हिताविरुद्ध आहे, त्याला कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, फक्त वकील नेमायला सांगायचं. वयस्कर मालक असेल तर मी त्याने वकील नेमल्याशिवाय करारच करत नाही. न्यूयॉर्क शहरातल्या काही भागांत मालकांनी 'आमच्याशी संपर्क करू नका' अशी नोंद केली असेल तर पत्र पाठवणंही बंद आहे. हे बंधन ब्रोकरांना आहे आणि नियमितपणे घरं घेणाऱ्या-विकणाऱ्यांनाही आहे, त्यामुळे लायसन्स न घेतल्याने त्यातून सुटका होत नाही.

टॅक्सचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं. दिवाळीच्या जेवणात कुणीतरी सांगतं की बायकोने एजंटचं लायसन्स काढलं आणि भाड्याच्या घरांचा सगळा तोटा पगारातून वजा झाला. त्यात तथ्य आहे, पण लायसन्समुळे ते होत नाही.

भाड्याच्या उत्पन्नातला तोटा, म्हणजे बहुतांशी कागदावरचा घसारा, एरवी 'पॅसिव्ह' धरला जातो आणि पगारातून किंवा वकिलीच्या नफ्यातून वजा होत नाही. २५,००० डॉलरपर्यंत एक सवलत आहे, पण उत्पन्न १ लाखावर गेलं की ती घटत जाते आणि दीड लाखाला शून्य होते. यातून सुटायचं दार म्हणजे 'रिअल इस्टेट प्रोफेशनल' हा दर्जा. त्याच्या दोन कसोट्या आहेत: वर्षात ७५० तासांहून जास्त काम रिअल इस्टेटच्या धंद्यांत, आणि तुमच्या एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त तास त्यातच. ७५० चा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मारते ती दुसरी कसोटी. तुम्ही वर्षाला १,८०० तास वकिली करत असाल, तर रिअल इस्टेटमध्ये १,८०० तासांहून जास्त काम दाखवावं लागेल. 'माझी वकिली रिअल इस्टेटचीच आहे' हे चालत नाही. कायद्यात जे धंदे मोजले आहेत त्यांत बांधकाम, भाडेव्यवहार, व्यवस्थापन, ब्रोकरेज वगैरे आहेत, वकिली नाही. म्हणून पूर्णवेळ वकिलाला लायसन्स घेऊन हा दर्जा मिळत नाही. शिवाय भाड्याच्या घरांच्या कामात तुमचा प्रत्यक्ष सहभागही वेगळा सिद्ध करावा लागतो.

जोडीदाराची गोष्ट वेगळी. पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असतील तर दोघांपैकी एकाने एकट्याने या दोन कसोट्या पार केल्या तरी पुरतं. तुमची पत्नी नोकरी करत नसेल आणि घरं सांभाळण्याबरोबर एजंटचं काम खरोखर करणार असेल, तर तिच्या ब्रोकरेजच्या तासांचा उपयोग होतो. २००९ मध्ये टॅक्स कोर्टाने कॅलिफोर्नियातल्या एका प्रकरणात सेल्सपर्सनचं कामही ब्रोकरेजमध्ये धरलं, ब्रोकरचंच लायसन्स हवं हा सरकारचा आग्रह मानला नाही. तो छोट्या दाव्यांचा निकाल आहे, दाखला म्हणून बंधनकारक नाही, पण दिशा दाखवतो. दुसऱ्याच्या नोकरीत पगारी असाल तर ते तास धरले जात नाहीत, म्हणून तिचं ब्रोकरेजशी नातं कसं आहे तेही तपासा. तासांची नोंद त्या-त्या दिवशी ठेवा. मार्चमध्ये बसून मागच्या वर्षीची डायरी लिहिणाऱ्यांचं कोर्टात काय होतं ते मी पाहिलं आहे. आणि ती ज्या व्यवहारात एजंट आहे त्यात तुम्ही वकील नको. तिचं कमिशन तुमच्याच घरात येतं.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक सूचना, कारण आपल्या मंडळींत हा प्रश्न हमखास येतो. एच-१बी वर असताना लायसन्सची परीक्षा देणं वेगळं आणि कमिशन कमावणं वेगळं. दुसरी गोष्ट विनापरवाना नोकरी ठरते. ग्रीन कार्डाच्या वाटेवर हा धोका पत्करू नका.

टॅक्सची उलटी बाजूही सांगायला हवी. तुम्ही घरं घेऊन, दुरुस्त करून लगेच विकत असाल तर सरकार तुम्हाला गुंतवणूकदार न मानता 'डीलर' मानू शकतं. मग दीर्घकालीन नफ्याचा कमी दर नाही, १०३१ ची अदलाबदल (एक घर विकून दुसरं घेताना टॅक्स पुढे ढकलणं) नाही, वर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. हे लायसन्सवरून ठरत नाही, किती वेळा आणि कशासाठी विकता यावर ठरतं. पण ब्रोकरचं लायसन्स आणि वारंवार विक्री एकत्र दिसली की तुमच्या विरोधातला एक पुरावा वाढतो. भाड्याने ठेवायची घरं आणि विकायची घरं वेगवेगळ्या कंपन्यांत ठेवा.

उरलं पक्कं कारण, एमएलएस आणि बाजाराची माहिती. इथे मी मनापासून हो म्हणतो. किती दिवस घर पडून आहे, किंमत कितीदा उतरवली, शेजारचं कितीला गेलं, हे रोज सकाळी स्वतः पाहणारा माणूस वर्षभरात आपला परिसर ओळखू लागतो. माझी सगळ्यात चांगली दोन घरं अशीच सापडली, इतरांनी नाकारलेली, तीन महिने पडून राहिलेली.

पण त्यासाठीही वर्षाची वर्गणी आहे, रिअल्टर संघटनेची फी आहे, विमा आहे, आणि ब्रोकर म्हणून कामं आहेत. न्यूजडे वृत्तपत्राने २०१९ मध्ये लाँग आयलंडवरच्या एजंटांचा वर्णभेद उघड केला, त्यानंतर राज्याने नियम कडक केले. आता एकट्या ब्रोकरलाही आपण खरेदीदारांना कोणत्या अटींवर घर दाखवतो हे लिखित स्वरूपात जाहीर करावं लागतं. ते कागद तयार करायला मला एक आठवडा लागला, आणि लागायलाच हवा होता. आपल्यापैकी अनेकांना याच बाजारात आडनावावरून वागणूक मिळाली आहे.

तुमच्या जागी मी असतो तर या वर्षी वेगळ्या नावाने कंपनी काढून ब्रोकरचा अर्ज केला असता, एमएलएस घेतलं असतं, पहिलं वर्षभर फक्त स्वतःसाठी वापरलं असतं आणि अशिलांना ब्रोकरेजचं कार्डही दिलं नसतं. अर्जाआधी मालप्रॅक्टिस विमा कंपनीला लेखी कळवा, त्यांचं उत्तर येईपर्यंत सही करू नका.